वॉर्डनबाईंचं ‘येजो’

मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि मराठीतल्या एका शब्दाचा अर्थ मला कळला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको. त्या शब्दापायी एक म्हातारी बाई प्राग शहराच्या बसस्टँडवर माझी वाट बघत उभी राहिली, आणि मी तिथून दोन तासांवर, जर्मनीत लेकीच्या स्वयंपाकघरात, डिंकाचे लाडू वळत बसले. लाडूही धड झाले नाहीत. डिंक कच्चा राहिला आणि जावयाच्या दाढेला चिकटला.

तेव्हा मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. साठी उलटलेली, पेन्शन घेणारी, आर्वीतल्या अर्ध्या गावाला ‘बस खाली’ म्हटलेली बाई होते. आता पंचाहत्तरीला टेकल्यावर त्या साठीतल्या बाईकडे पाहते तेव्हा तिचा कान धरून तिला बाकावर उभं करावंसं वाटतं. पण ती काही उभी राहायची नाही. फार शहाणी होती.

वाट बघणारी होती आमची वॉर्डनबाई. आर्वीत आमच्या शाळेला लागून मुलींचं होस्टेल होतं. आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली, जंगलाकडच्या गावांतल्या गोंडांच्या मुली तिथे राहायच्या. बाई त्यांच्या वॉर्डन. उंच, किडकिडीत, हातात पुरुषी घड्याळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि साडीखाली बारा महिने कॅनव्हासचे बूट. लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर मिळालं नाही.

राहायला त्यांना क्वार्टर दिलेलं होतं. खोली, स्वयंपाकघर, मोरी, वर पंखा. त्यात त्यांनी कांदे ठेवले होते.

“मग तुम्ही झोपता कुठे?” मी विचारलं होतं.

“पोट्ट्यांत.”

मुलींच्या आठ खाटांच्या खोलीत दाराशी बाईंची नववी खाट होती. त्यांना एकटीला झोप यायची नाही. आजूबाजूला चार-सहा माणसांचे श्वास चालू असले की यांचे डोळे मिटायचे. “एकटं झोपणं म्हणजे कपाटातल्या साडीवानी हाय,” त्या म्हणायच्या. “कोणी काढलं तं काढलं.”

वाचून कोणाला वाटेल, काय प्रेमळ बाई. तर तसं नव्हतं. नऊ वाजले की त्या दिवा घालवायच्या, मुलगी वाक्याच्या मधे असो की शब्दाच्या. पोरींच्या ट्रंका उघडून सगळे कपडे आपल्या मनाप्रमाणे घड्या घालून ठेवायच्या. घरून आलेल्या लोणच्यावर पहिला हात यांचा. रविवारी मुलींना भेटायला आया यायच्या आणि पोरीला जवळ घेऊन डोळे पुसायच्या, तेव्हा बाई घड्याळ बघत उभ्या. “रडून घ्या लवकर, पोट्टीले गणित हाय.” आणि घोरायच्या तर अशा, की होस्टेलच्या मुली सुट्टीत घरी गेल्या की म्हणे शांततेनं दचकून उठायच्या.

एकदा कोणी साहेब तपासणीला आले. यायचे दुपारी, ते उगवले दिवेलागणीनंतर, फाटक बंद झाल्यावर. जीपचा हॉर्न वाजला तशा बाई टॉर्च घेऊन फाटकापर्यंत गेल्या.

“साहेब आलेत. फाटक उघडा,” चपराशी म्हणाला.

“आता पोट्ट्या जेवून राह्यल्या. सकाळी येजो म्हणा त्याले.”

“अहो बाई, साहेब आहेत.”

“मंग सकाळी साहेब राहणार नाई का?”

जीप गेली. साहेबाला निदान ‘येजा’ तरी म्हणावं, पण बाईंपाशी थोरामोठ्यांना आणि पोट्ट्यांना एकच रूप. हेडमास्तरांना रात्रभर वाटत राहिलं की होस्टेल आता बंद पडतंय. सकाळी मी शाळेत आले तर बाई ठेवणीतली साडी नेसून फाटकाशी उभ्या. आत चहाचं आधण, पोहे झाकून ठेवलेले. दुपारपर्यंत त्या उन्हात उभ्या होत्या. साहेब आले नाहीत, त्यांनी परस्पर वाईट रिपोर्ट पाठवून दिला. बाईंना रिपोर्टाचं काही नव्हतं. त्या पोह्यांवरून चिडल्या.

“येजो म्हटलं होतं ना मी त्याले.”

या प्रसंगाची नक्कल मी पुढे कितीतरी वर्षं स्टाफरूममध्ये करून दाखवली. टॉर्च म्हणून खडू धरायचे. लोक हसून हसून टेबलावर पडायचे. माझी मुलं कविता घडाघडा म्हणायची आणि अर्थ विचारला की खिडकीबाहेर बघायची, त्यांना मी छड्या दिल्यात. माझंही तेच होतं. बाई मला तोंडपाठ होत्या.

मी मूळची वर्ध्याचीच. घरी ‘मले-तुले’च बोलायचे. बी.एड. झाल्यावर शुद्ध झाले, आणि नव्यानं शुद्ध झालेलं माणूस फार त्रास देतं. मुलांच्या पेपरांत ‘का’च्या जागी ‘काऊन’ दिसला की माझी लाल शाई धावायची. एकदा एका गोंड मुलीनं निबंधात लिहिलं होतं, ‘मी घरून निघाली. आई म्हणाली, येजो.’ मी ‘येजो’ कापला, वर ‘ये’ लिहिलं आणि अर्धा मार्क घेतला. मधल्या सुट्टीत बाई तो पेपर घेऊन स्टाफरूममध्ये.

“काय वं मास्तरीण, हे काऊन कापलं?”

“चूक आहे म्हणून.”

“अवं, माय दारात उभी हाय, पोट्टी निघून राह्यली, अन् तू म्हणून राह्यली ‘ये’. मंग निघाली कायले?”

सगळे हसले. मी म्हटलं, “बरं, मग ‘येशील’ लिहावं.”

“येशील म्हणजे तू तिले विचारून राह्यली. येजो म्हणजे येशील तवा ये, मी हाय.”

“बाई, परीक्षेत ‘येजो’ चालत नाही.”

“परीक्षेत माय बी चालत नाई,” असं म्हणून त्या गेल्या.

अर्धा मार्क मी परत दिला नाही. त्या मुलीच्या आईनं तो शब्द मराठीत म्हटलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. ती गोंडीत काहीतरी म्हणाली होती. ते मराठीत आणताना पोरीला सापडलेला सगळ्यात जवळचा शब्द तो होता.

रिटायर झाल्यावर मी वर्ध्याला परतले, बाईंनीही वर्ध्याला लागून सिंदी मेघेला एक खोली घेतली आणि त्यांची झोप गेली. दिवसा बऱ्या असायच्या, रात्री टक्क जाग्या. डॉक्टर झाले, आयुर्वेद झाला, उशाखाली कोणी काय ठेवायला सांगितलं तेही झालं. मग त्यांनी आपलीच युक्ती काढली. वर्ध्याहून रात्रीची गाडी धरायची, स्लीपरच्या डब्यात सगळ्यांच्या घोरण्यात झोपायचं, भुसावळला उतरून चहा प्यायचा आणि परत यायचं.

“भुसावळला काय काम काढलं?” मी विचारलं.

“काई नाई. झोपून आली.”

त्यांच्या होस्टेलची एक जुनी मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. तिनं यांना सांगितलं, की बाई, युरोपात मोठ्या माणसांचीही होस्टेलं असतात. एका खोलीत सहा-आठ खाटा, कोणीही जावं, भाडं भरावं, झोपावं.

“वॉर्डन कोण राह्यते तिथं?”

“वॉर्डन नसते, बाई.”

“मंग लाइट कोण बंद करते?”

या प्रश्नाचं उत्तर शोधायला वॉर्डनबाई युरोपला चालल्या, असं मी गावभर सांगत सुटले. आमच्याकडे परदेशी जाणं आता नवलाचं नाही. पण जायचं ते कोणाकडे तरी. मुलाकडे, लेकीकडे, बाळंतपणाला. नाहीतर टूरवाल्यांनी दिलेली टोपी घालून झेंड्यामागे. बाईंना जो तो एकच विचारायचा.

“कोणाकडे चालल्या?”

“कोणाकडे नाई.”

“म्हणजे टूरसंगं?”

“नाई.”

“मग कशाला?”

“झोपाले.”

मला वाटलं होतं, बाई एकदा जातील, थंडीनं आजारी पडून परत येतील. त्या गाल भरून परत आल्या आणि मग जात राहिल्या. थोडी शहरं पाहून शेवटी प्रागवर स्थिरावल्या. का, तर तिथल्या होस्टेलमधली बायकांची खोली थेट आर्वीच्या खोलीएवढी होती. मी विचारलं, राजवाडा पाहिला का, तो नदीवरचा पुतळ्यांचा पूल पाहिला का. “हाय ना पूल,” त्या म्हणाल्या. “लंबा हाय. पण खोली पाह्य तू, खिडकी बी त्याच बाजूले हाय.”

इंग्रजी त्यांचं जेमतेम होतं. त्यामुळे कोरियाची मुलगी असो की ब्राझीलची, सगळ्यांशी वऱ्हाडी. “लाइट बंद कर वं माय.” आणि म्हणे त्या करायच्या. पहाटे उठून सगळ्यांच्या पांघरुणांच्या घड्या घालून ठेवायच्या, त्यावरून एकदा तक्रार झाली. एका पोरीचे केस पाहून राहवलं नाही म्हणून तिला धरून तेल लावून दिलं, त्याची तक्रार झाली नाही, उलट दुसऱ्या दिवशी आणखी दोघी डोकं पुढे करून बसल्या.

एकदा तिथल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात बाईंनी झुणक्याला फोडणी दिली. मिरचीचा धूर वर गेला आणि छतावरचा भोंगा वाजायला लागला. आगच लागली समजून सगळं होस्टेल चड्ड्या-बनियनवर रस्त्यात. रिसेप्शनवाला मुलगा समजावत होता की काही नाही, आत चला. बाईंनी दार अडवलं. आपल्या खोलीतल्या मुली रांगेत उभ्या केल्या आणि मोजल्या. एक कमी. ती सापडेपर्यंत त्यांनी कोणाला आत जाऊ दिलं नाही. पोलिसांना बोलवायची भाषा झाली तेवढ्यात ती ब्राझीलची मुलगी कोपऱ्यावरून पाव खात खात आली.

“तिले असं रागावली मी, असं रागावली,” बाई सांगत होत्या.

“कोणत्या भाषेत?”

“रागवाले भाषा कायले लागते वं?”

मी हसले, आणि घरी येऊन याचीही नक्कल बसवली.

मग माझ्या लेकीचं बाळंतपण आलं. ती ड्रेस्डेनला राहते. मला एकटीला प्रवासाची सवय नाही म्हणून तिनं विमानतळावर माझ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. पाय ठणठणीत. पण चुकायला नको, कोणीतरी ढकलत बरोबर दारापाशी सोडेल, असा हिशेब. मी पण अशी निर्लज्ज, की कण्हत बसले त्या खुर्चीत. नागपूरच्या पलीकडे मी एकटी कुठेच गेले नव्हते आणि जावंसंही वाटलं नव्हतं.

नातू महिन्याचा झाला असेल, तेव्हा एक दिवस बाईंचा फोन. प्रागहून.

“काय वं मास्तरीण, इथंच हाय म्हणे तू बाजूले.”

“बाजूला कुठे बाई, हा दुसरा देश आहे.”

“दोन घंट्याची बस हाय. वर्ध्याहून नागपूरले पॅसेंजर घेते तेवढी. शुक्रवारी संध्याकाळची येजो. खालची खाट घेऊन ठेवतो तुह्यासाठी, माह्या बाजूची. पुलावर जाऊ. भाकर करतो, पीठ हाय माह्याजवळ.”

“हो, हो. येते ना,” मी म्हटलं.

“एकटी येजो. लेकीले अन् जावयाले तरास देऊ नोको.”

“हो, नक्की येते.”

आता हे ‘नक्की येते’ कसलं होतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, पण सांगते. आमच्याकडे निघणाऱ्याला दारात उभं राहून ‘येजो’ म्हणतात. वार सांगतात. भाजी कोणती करू तेही विचारतात. हात धरून ‘आलीच पाहिजे’ म्हणतात. पाहुणा ‘नक्की’ म्हणतो. आणि दोघांनाही पुरतं ठाऊक असतं की कोणी कुठे जाणार नाही. यात खोटं कोणी बोलत नाही. दाराशी बोलायची ती रीत आहे. मी बाईंच्या बोलावण्याला त्या रीतीनं उत्तर दिलं आणि फोन ठेवून लाडवांकडे वळले.

लेक म्हणाली, “आई, तिकीट काढून देऊ का बसचं?”

“अगं, म्हणायचं म्हणून म्हणाली ती.”

“खाट घेऊन ठेवते म्हणाल्या ना?”

“तसं म्हणतात. तू इथे राहून राहून सगळं खरंच धरायला लागलीस.”

“मग निदान फोन करून नाही म्हण.”

“वेडी का तू? ‘नाही’ म्हटलं तर वाईट वाटेल त्यांना.”

हे वाक्य मी लेकीला मोठ्या अधिकारानं ऐकवलं होतं. आत कुठेतरी मला भीतीही वाटत होती, तेही कबूल करते. एकटीनं बसमध्ये बसायचं, अनोळखी गावात उतरायचं, सात परक्या बायांच्या समोर वेणी सोडून झोपायचं. आणि बाईंची लाज. साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाईबरोबर मी त्या पुलावर फिरले असते, आणि नेमकं कोणी पुण्याचं भेटलं असतं तर? अशी मी. पण भीती आणि लाज मला कोणाला सांगाव्याच लागल्या नाहीत. ‘म्हणायचं म्हणून म्हणाली’ एवढ्यात सगळं झाकलं गेलं.

शुक्रवार गेला. बाईंचा फोन आला नाही. मी मनात म्हटलं, बघ, म्हटलं नव्हतं? त्या होस्टेलच्या वायफायवरून फोन करायच्या आणि स्टँडवर वायफाय नसतं, आणि ‘हो’ म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारायची त्यांची रीत नव्हती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

वर्ध्याला परत आल्यावर मी सिंदी मेघेला त्यांच्याकडे गेले. त्यांनी नातवाचे फोटो पाहिले, कान कोणावर गेले ते सांगितलं, चहा केला. प्रागचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “बरं.”

पुढेही मी जात राहिले. दर वेळी निघताना ‘बरं’. पूर्वी त्या माझ्या पाठीवर ‘येजो मंग’ म्हणून चापट मारायच्या, ती चापट आणि तो शब्द दोन्ही बंद झाले होते. माझ्या ते लक्षात आलं, अगदीच आलं नाही असं नाही. मला वाटलं, परदेशात राहून बाईंची भाषा सुधारली.

मग त्या बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. भाचीनं त्यांना बोरगाव मेघेला आपल्या घरी नेलं, चांगली हवेशीर वेगळी खोली दिली, आणि त्या खोलीत बाई रात्र-रात्र छताकडे बघत पडून राहायच्या. भाची भली होती. पण आत्याला वेगळी खोली देणं हीच शिक्षा आहे हे तिला कसं कळावं. मी ते तिला सांगू शकले असते. मी म्हटलं, आपण कशाला दुसऱ्याच्या घरात.

आता बाई नाहीत. मी दुसऱ्या खेपेला ड्रेस्डेनला होते, लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला, तेव्हाच त्या गेल्या. भाची फोनवर म्हणाली, झोपेत गेल्या. मी विचारलं, “झोप लागली होती त्यांना?” तिला तो प्रश्न विचित्र वाटला.

त्या जायच्या थोडे दिवस आधी मी प्रागला जाऊन आले होते. एकटी. लेकीला म्हटलं, या वेळी काढ तिकीट. मनात असं होतं, की बाई आता कधी जायच्या नाहीत, तर आपण जावं, त्यांना तिथून फोन लावावा, त्यांचं होस्टेल त्यांना दाखवावं. बाई खूश होतील. माझंही एक राहून गेलेलं होऊन जाईल. फार छान वाटत होतं मला स्वतःबद्दल बसमध्ये बसले तेव्हा.

होस्टेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आर्वीचं होस्टेल. त्यामुळे मी ताट, वाटी, पेला, सतरंजी, कुलूप आणि लेकीच्या मोरीतली छोटी बादली घेतली होती. त्या दगडी फरशांच्या रस्त्यावरून बादली वाजवत मी ट्रामचे रूळ ओलांडले. रिसेप्शनवर निळ्या केसांची, पन्नाशीची एक बाई होती. तिनं माझा पासपोर्ट पाहिला, मग बादली पाहिली, मग पुन्हा मला पाहिलं.

“तुमच्या देशाची एक आजी यायची इथे,” ती इंग्रजीत म्हणाली. “पीठ घेऊन यायची. आम्हा सगळ्यांना मोजायची. ओळखता का?”

“आमच्या शाळेत होत्या,” मी म्हटलं.

तिला फार आनंद झाला. फोडणीची गोष्ट तिनं पुन्हा सांगितली, मी पुन्हा हसले. मग ती म्हणाली, “एकदा मात्र मला तिचं फार वाईट वाटलं. तिची एक मैत्रीण येणार होती. शेजारची खाट तिनं घेऊन ठेवली होती. शुक्रवारी संध्याकाळी स्टँडवर गेली, शेवटची बस येऊन गेल्यावर एकटी परत आली. शनिवारी परत गेली. त्या रात्री पाऊस होता, एक मुलगी आली, तिच्याकडे बुकिंग नव्हतं, आमच्याकडे जागा नव्हती. मी आजीला म्हटलं, ती रिकामी खाट हिला देऊ या. तर नाही म्हणाली. स्वतःची खाट त्या मुलीला दिली आणि ती या सोफ्यावर झोपली. इथे, रिसेप्शनच्या खोलीत, एकटी. मी म्हटलं, तुमची मैत्रीण आता येणार नाही. तर म्हणाली, तिनं हो म्हटलंय.”

मी सोफ्याकडे पाहिलं. साधाच होता, मऊ, एका बाजूला बसलेला. एकटीला झोप न येणारी बाई त्याच्यावर रात्रभर पडून राहिली होती, मी ‘हो’ म्हटलं होतं म्हणून.

“कोण होती ती मैत्रीण, कोण जाणे,” निळ्या केसांची बाई म्हणाली.

मी म्हटलं, “कोण जाणे.”

मला वरची खाट मिळाली. चढताना शिडीवर अडकले, तेव्हा खालच्या मुलीनं पाठीला हात देऊन मला वर ढकललं. सगळ्या लगेच झोपल्या. मी त्यांचे श्वास ऐकत पडले होते.

सकाळी खोली रिकामी झाल्यावर मी बोरगाव मेघेला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती. भाचीनं फोन बाईंच्या तोंडासमोर धरला. बाई फार वाळल्या होत्या. हातात घड्याळ नव्हतं.

“कुठी हाय वं तू?”

“प्रागला, बाई. तुमच्या होस्टेलमध्ये.”

त्या फोनमधून माझ्या मागच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

“खाट वरची देली का खालची?”

“वरची.”

“चढली कशी?”

“एका पोरीनं ढकललं.”

“हं,” त्या म्हणाल्या. हसल्या असाव्यात, नीट दिसलं नाही.

“बाई, मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं. “तुम्ही दोन दिवस स्टँडवर येऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, तुम्ही आपलं...”

“बाकडे चांगले हायेत तिथले,” बाई म्हणाल्या. “उभी कायले राहू?”

माझे डोळे भरून आले, आणि त्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून मी घाईनं फोन फिरवला आणि खिडकीबाहेर धरला. खाली लाल ट्राम चालली होती, तिच्या पलीकडे नदी, नदीवर तो पूल, पुतळे, माणसं. मी एकेक सांगत सुटले, हा पूल बघा, हे पाणी बघा, त्या बोटी बघा, ऊन कसं पडलंय बघा. वर्गात नकाशावर छडी फिरवल्यासारखी.

बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग फोनमधून त्यांचा आवाज आला, जुना, फाटकाशी उभं राहून बोलायच्या तो.

“मले काऊन दाखवून राह्यली? मी पाह्यलं हाय ते सारं. आता तू पाह्य.”